पुऱ्या पन्ह्याचा पिक्चर

पिक्चरची नावं संपली की उठून घरी जाणारा एकच माणूस मी आजवर पाहिला. आपण सगळे नावं संपायची वाट बघत असतो. नावं चालू आहेत तोवर पाणी पिऊन घ्यावं, पोरांना बाहेर नेऊन आणावं, पुढे बसलेल्या उंच माणसाला गोड बोलून मागे सरकवावं, ही जगाची रीत. आमच्या शेजारच्या सुपडू आप्पांचं सगळं उलटं. नावं सुरू व्हायच्या आधी येऊन ते टीव्हीसमोर मांडी ठोकत. नट-नट्या, गीतकार, फायटिंगवाले, केस विंचरणारे, झाडून सगळ्यांची नावं भक्तिभावानं बघत. आणि दिग्दर्शकाचं नाव येऊन गेलं की गुडघ्यावर हात टेकून उठत. "चला, सरना पिक्चर," म्हणत आणि पायात चपला सरकवून चालू लागत. तिकडे हिरोनं अजून घोड्यावर टांगही टाकलेली नसे.

पहिल्यांदा आम्हाला वाटलं, मिलमधली वाफ डोक्यात गेली. पुढे कळलं की त्यामागे कारण आहे. कारण कळल्यावर वाफेबद्दलचं आमचं मत आणखी पक्कं झालं.

कारण असं. थेटरातला सिनेमास्कोप पिक्चर असतो आडवा, ऐसपैस. टीव्ही पडला चौकोनी. आडवी वस्तू चौकोनी डब्यात बसवायची म्हणजे एकतर ती दाबायची, नाहीतर कापायची. कॅसेटवाले कापत. दोन्ही बाजू उडवायच्या आणि मधला तुकडा टीव्हीभर पसरवायचा, की गिऱ्हाईक खूष. पण नावं कापता येत नाहीत. संगीतकारांच्या जोडीतला एकच शिल्लक राहिला तर दुसऱ्याच्या घरचे काय म्हणतील? म्हणून नावं असेपर्यंत ते अख्खा पिक्चर दोन्हीकडून दाबून आत कोंबत. तेवढा वेळ माणसं महिनाभर उपाशी असल्यासारखी उंच नि किडकिडीत दिसत, घोडा उंटाच्या वळणावर जाई, पण सुटलेलं काही नसे. नावं संपली की कात्री चाले आणि सगळे एकदम अंगानं भरत. आम्हाला बरं वाटे. आप्पा मात्र कापाकापी सुरू झाली म्हणून उठून जात.

"पन्हा कोठे गया?" हा त्यांचा सवाल. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, हे आमच्या सुरतेत शेंबड्या पोरालाही कळतं. पण टीव्हीकडे बोट दाखवून हा सवाल विचारणारे आप्पाच.

आप्पा खानदेशातले. घरात अहिराणी, मिलमध्ये हिंदी, बाजारात गुजराती, आणि माझ्याशी, मी नगरकडचा म्हणून, या तिन्हींत चार थेंब पुस्तकी मराठीचे घालून बोलत. पांडेसऱ्याला कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाउसमध्ये ते स्टेंटर चालवत आणि मी तिथेच डिस्पॅचला होतो. रंगून आलेलं कापड आक्रसलेलं असतं. स्टेंटर म्हणजे एक लांबलचक तापलेलं मशीन. ते कापडाच्या दोन्ही किनारी चिमट्यात धरतं आणि ओढून त्याला पुन्हा ठरलेल्या पन्ह्यावर आणतं. उभी हयात आप्पांनी हेच काम केलं, त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू आक्रसलेलीच आहे अशी त्यांची खात्री होती. लग्नात टॉवेल-टोपी मिळाली की आपण कपाळाला लावून पिशवीत टाकतो. आप्पा भर मांडवात टॉवेल उलगडून दोन्ही हातांत ताणत. "दोन बोट कमी शे," असं नवऱ्या मुलीच्या बापाला सगळ्यांदेखत सांगत. टोपीचं नशीब बरं, तिला पन्हा नसतो.

मी रंगीत टीव्ही घेतला तेव्हा अख्खी चाळ बघायला आली. कुणी पेढे मागितले, कुणी किंमत विचारली, कुणी न विचारताच "फसलात" म्हणून सांगितलं. आप्पांनी खिशातून टेप काढली, काचेला आडवी लावली, मग उभी लावली, आणि दवाखान्यातून बाहेर येणाऱ्या डॉक्टरसारखी मान हलवली. आमची शैला, म्हणजे माझी बायको, त्या दिवसापासून त्यांना टीव्हीच्या जवळ येऊ देईना. नजर लागते म्हणाली.

चुकून कधी नावांनंतरही बसावं लागलं तर आप्पांची तगमग बघवत नसे. कापलेल्या पिक्चरमध्ये दोन माणसं समोरासमोर उभी राहून बोलू लागली, की डावीकडून एक नाक दिसे, उजवीकडून एक नाक दिसे, आणि मधल्या फुलदाणीशी ती दोन नाकं तावातावानं भांडत. बारा बायकांच्या नाचात पाच बायका आणि कुणाची तरी एक कंबर उरे. कधी कधी चित्र मधूनच बाजूला सरके, कारण बोलणारा माणूस कापलेल्या भागात उभा असायचा आणि त्याला आत घेणं भाग असायचं. चित्र सरकलं की मशीनवरून कापडाचा तागा घसरल्यासारखे आप्पा खाटेची कड धरून ओरडत, "थान सरकनं! धरा, धरा!" चाळीतली पोरंही ओरडायला शिकली. भर मरणाच्या सीनमध्ये वीस पोरं "थान सरकनं" म्हणून कल्ला करायची, आणि हिरोची आई त्या कल्ल्यात जीव सोडायची.

डोकं टीव्हीच्या काचेला कडेनं लावून आत काही दिसतं का, हेही आप्पांनी करून पाहिलं होतं. एकदा तर ते टीव्हीच्या मागेही गेले होते. शैलाला वाटलं वायर काढतायत.

पन्ह्याचं वेड जुनं होतं, पण ते टीव्हीत कधी शिरलं ते मला नक्की सांगता येतं. एका गणपतीत शिरलं, आणि आप्पांच्या बायकोमुळे शिरलं.

काकू, म्हणजे इंदूबाई, ही आमच्या चाळीची खरी करमणूक होती. नळावर हंडा लावला की त्या पिक्चर सांगायला लागत. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत गावाकडे तंबू थेटरात पाहिलेले पिक्चर, पण सांगायच्या काल पाहिल्यासारखे. त्यांच्या तोंडचा पिक्चर मूळ पिक्चरपेक्षा लांब असे. हिरोइनची भांडी कुठल्या धातूची होती, सासूच्या लुगड्याला ठिगळ होतं की नव्हतं, घरात इतकी माणसं असून पाण्याचा माठ एकच कसा, या सगळ्याची चौकशी करूनच कथा पुढे सरकायची. त्यांचा हुकमी पिक्चर होता एक डाकूंचा. नाव सांगत नाही, कारण डाकूंचे पिक्चर नावानं कुणी ओळखत नाही. त्यात डाकू गावावर चालून येतात तो भाग काकू अशा सांगायच्या:

"डाकू उनात. बठ्ठा गाव पयना. पन एक बाई, वं माय, मांघे फिरनी! चुल्हावरनं दूध खाले उतारं, आन् मंग पयनी!"

सगळं गाव जिवाच्या भीतीनं पळालं आणि एक बाई चुलीवरचं दूध उतू जाईल म्हणून परत फिरली. नळावरच्या बायका दर वेळी हसून बेजार व्हायच्या, आणि हसून झालं की म्हणायच्या, आपणही तेच केलं असतं.

त्या गणपतीत मंडळानं व्हीसीआर आणला आणि मुद्दाम काकूंच्या आवडीचा तोच पिक्चर लावला. काकू नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या. डाकू आले. गाव पळालं. चाळ श्वास रोखून दुधाची वाट बघत बसली. डाकूंनी गाव लुटलं, जाळलं आणि निघूनही गेले. दूधवाली बाई काही आली नाही. तेव्हा मागून भटूनं, म्हणजे आमच्या चाळीतल्या लूम कारागिरानं, जोरात आवाज दिला, "ओ काकू, दूध उतू गयं वाटतं!"

सगळा मांडव हसला. लोक इतके हसले की पुढची गाणी कुणी ऐकली नाहीत. त्या दिवसापासून आमच्या चाळीत कुणी थाप मारली, की समोरचा एवढंच म्हणे, "दूध उतू गयं."

काकू भांडल्या नाहीत. पिक्चर संपेपर्यंत बसल्या, पदर सारखा केला आणि घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी नळावर कुणीतरी म्हणालं, काकू, एखादा पिक्चर सांगा की. त्या म्हणाल्या, "माले काई याद नही." झालं. त्यानंतर त्यांनी पिक्चर सांगितला नाही. नळावर नाही आणि घरातही नाही. आमची भिंत एका विटेची. आधी रोज संध्याकाळी भाकरी थापण्याच्या आवाजाबरोबर काकूंच्या सांगण्याचा आवाज यायचा, मधून मधून आप्पांचं "मंग?" यायचं. आता नुसती भाकरी ऐकू यायची. त्या घरात माणसं दोनच, पोरबाळ नाही. शैला म्हणायची, शेजारी कुणी राहत नाही असं वाटतं हो.

आप्पांनी दुसऱ्या दिवशी मंडळाच्या पोरांकडून ती कॅसेट परत द्यायच्या आधी पुन्हा लावून घेतली. काय शोधत होते देव जाणे. पण स्टेंटरवरचा माणूस. त्याच्या डोळ्यांतून पन्हा सुटणार कसा? नावं चालू असताना डोंगर उतरणारे डाकू होते नऊ. नावं संपली, आणि त्याच डोंगरावर उरले पाच डाकू आणि एका घोड्याची शेपटी. आप्पा ताडकन उठून उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून ते वाक्य पहिल्यांदा निघालं. पन्हा कोठे गया?

तेव्हापासून आप्पांना एकच ध्यास. इंदूबाई खोटं बोलत नाही. दूधवाली बाई डावीकडे होती आणि डावी किनार कापली गेली. ती किनार आणून चाळीला दाखवायची.

इथपर्यंत आप्पांचं डोकं ठीक चाललं होतं. यापुढे ते सुरती झालं. सुरतेत कापलेलं काही फुकट जात नाही. कापडाचे तुकडे कटपीस म्हणून विकले जातात, त्याहून लहान चिंध्या किलोवर जातात, त्यांची पायपुसणी होतात, आणि धागे उरले तर मशीन पुसायला कुणीतरी नेतंच. तेव्हा इतक्या पिक्चरच्या दोन-दोन किनारी कापल्या, तर त्यांचा ढीग कुठल्या ना कुठल्या गोडाउनमध्ये असलाच पाहिजे, आणि तो कुणीतरी विकत असलाच पाहिजे. फक्त व्यापारी सापडायला हवा. मी त्यांना परोपरीनं समजावलं, की आप्पा, ही खरी कात्री नाही. त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. डिस्पॅचवाल्याला कटिंगमधलं काय कळणार?

सुट्टीच्या दिवशी ते कॅसेटच्या दुकानांतून हिंडू लागले. भेस्तानपासून सगळी दुकानं झाली. उधन्याच्या रमणभाईकडे मी त्यांच्याबरोबर होतो, म्हणून तिथलं संभाषण मला तोंडपाठ आहे.

"बोलो काका, शुं आपुं?"

"किनार," आप्पा म्हणाले.

"साडीनी? सामेनी दुकाने जाव."

"साडीनी नही. पिक्चरनी. डाबी बाजूनी."

मग आप्पांनी गुजराती, हिंदी, अहिराणी आणि हातवारे यांच्या मदतीनं सगळा धंदा समजावून सांगितला. मला वाटलं, रमणभाई आता हसून बाहेर काढणार. पण सुरतचा व्यापारी धंद्याच्या गोष्टीला हसत नाही. तो गंभीर झाला, मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "भाई, आनो वेपार कोण करे छे? मने तो खबर ज नथी!" आपल्याला न कळता शहरात एक अख्खी लाईन चालू आहे या कल्पनेनं त्याचा चेहरा उतरला होता.

मी त्याची समजूत काढली. तेव्हा कुठे त्याला काहीतरी आठवलं. माळ्यावरून त्यानं धुळीनं भरलेलं एक खोकं खाली घेतलं. कुणा पाहुण्यानं विलायतेहून आणलेल्या हिंदी पिक्चरच्या कॅसेटी होत्या. "आ माल खराब छे," तो म्हणाला. "ऊपर-नीचे काळा पट्टा आवे छे. अर्धुं टीवी खाली. जे लई जाय ते पाछी आपी जाय." अर्धा टीव्ही रिकामा, म्हणून नेलेली कॅसेट जो तो परत आणून देई. खात्री पटावी म्हणून त्यानं एक दुकानातल्या टीव्हीवर लावून दाखवली.

वर एक काळी पट्टी, खाली एक काळी पट्टी, आणि मधे बारीक, आडवा, डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत अख्खा पिक्चर. दोन माणसं बोलत होती, आणि दोघांनाही नाकाखेरीज बाकीचा चेहरा होता. आप्पांनी खिशातल्या टेपला हातसुद्धा लावला नाही. ते नुसते बघत राहिले. मग वळून मला म्हणाले, "हाऊ देख भो. पुरा पन्हा."

"अर्धुं टीवी खाली छे, ने काका राजी थाय छे!" रमणभाईनं गल्ल्यावर कपाळ टेकलं.

खोक्यातल्या कॅसेटींवरची नावं इंग्रजीत. मी एकेक वाचत गेलो आणि तळाशी आमचा डाकूंचा पिक्चर निघाला. आप्पांनी तो पिशवीत घातला आणि घरी येईपर्यंत ती पिशवी पोटाशी धरून ठेवली. सिटी बसमध्ये कंडक्टरनं दोनदा संशयानं पाहिलं.

आता मला धाकधूक. मी म्हणालो, आप्पा, आधी आपण दोघं गुपचूप बघून घेऊ. दूधवाली नसलीच तर? काकूंचं पुन्हा एकदा हसं होईल, आणि या वेळी तुमच्या हातून होईल. तुम्ही स्वतः पाहिली होती ना ती बाई?

आप्पा म्हणाले, तंबूत बाया डावीकडे बसत, बाप्ये उजवीकडे. मधे सुंभाचा दोर. पडद्याच्या इतक्या जवळ बसायचं, की ज्याला जी बाजू समोर ती त्याला दिसायची. "मी उजवीकडे व्हतू."

"म्हणजे पाहिली नाही!"

"जे हासनात, त्या बठास्नी देखाले पाहिजे," एवढंच ते म्हणाले. मी हात टेकले.

रविवारी दुपारी आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. व्हीसीआर भाड्यानं आणला होता. काकू आल्या नाहीत. त्या आपल्या उंबऱ्यात सुपात तांदूळ घेऊन निवडत बसल्या. उंबरा आमच्या दाराला लागूनच, त्यामुळे आमच्याकडे पाठ करायला त्यांना बरंच अवघडून बसावं लागलं होतं.

पिक्चर सुरू झाला आणि दंगल उसळली. कुणी म्हणालं व्होल्टेज कमी आहे. कुणी म्हणालं पिक्चर धुतला असेल, आटला. शैला म्हणाली, टीव्ही बिघडला, मी तरी सांगत होते नजर लागते. भटूनं उठून टीव्हीच्या डोक्यात दोन थपडा मारल्या. पट्ट्या हलल्या नाहीत. "आप्पा, अर्धाच पिक्चर लई उनात का हो?" तो ओरडला. "बाकीना अर्धा कोठे शे?"

आप्पा या प्रश्नाची जणू वाटच बघत होते. त्यांनी दोरीवरची शैलाची साडी ओढली आणि तिची घडी भटूच्या नाकाला लावली. "काय दिसस?"

"काई नही. नक्षी."

आप्पांनी साडीचा एक काठ माझ्या हातात दिला, दुसरा स्वतः धरून पन्हा उलगडला आणि भटूला दारापर्यंत मागे सरकवलं. "आते?"

"आते काठ दिसनात. दोन्ही."

"मंग? काठ देखाना व्हई त लांबथून देखनं पडस. बस खाले."

भटू बसला. साडीचं काय ते शैला नंतर बोलली.

नावं संपली तेव्हा सगळी खोली मागे वळून आप्पांकडे बघू लागली. आप्पा उठले नाहीत. चाळीनं टाळ्या वाजवल्या. डोंगरावर नऊच्या नऊ डाकू होते.

मग ती जागा आली. घोड्यांच्या टापा ऐकू आल्या. गावात पळापळ झाली. सगळे डावीकडे बघत होते. एक घर, अंगणात चूल, चुलीवर पातेलं. त्यातून धावत सुटलेली एक बाई, टीव्हीवर बोटाच्या पेराएवढी. ती कडेला पोचली, चित्रातून बाहेर जाणार, एवढ्यात थबकली. मागे फिरली. पदरानं पातेलं धरलं, खाली उतरवलं, आणि मग जी पळाली ती पळाली.

आमची शैलाच किंचाळली, "अगंबाई! आणि झाकणही ठेवलं गं वर!"

"झाकन नही वं," दारातून आवाज आला. "ताटली व्हती ती. काठ मुडपेल."

काकू सूप हातात घेऊन दारात उभ्या होत्या. कधी उठल्या कुणी पाहिलं नाही. भटूनं कॅसेट मागे घेतली. बाई पुन्हा पळाली, पुन्हा फिरली, पुन्हा दूध उतरवलं. ताटलीच होती. मुडपलेला काठ काही आम्हाला दिसला नाही, पण काकूंना नाही म्हणायची आता कुणाची टाप नव्हती. भटू उठला, कान धरले आणि काकूंना आपली जागा दिली.

काकू बसल्या, आणि मग पिक्चर कुणीही ऐकला नाही. "आते देखा, डावीकडे एक म्हतारी येई. तिना पायमा एकच जोडा शे," काकू म्हणायच्या, आणि म्हातारी यायची, एकाच पायात जोडा घालून. बायका चेकाळल्या. काळ्या पट्ट्यांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. हिरो बिचारा मधे उभा राहून काहीतरी शपथ घेत होता, त्याच्याकडे एकाचंही लक्ष नव्हतं.

आप्पा दिसेनात म्हणून मी बाहेर आलो. ते ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. टीव्हीकडे पाठ.

मला हसू आलं आणि रागही आला. म्हणालो, आप्पा, कमाल आहे. इतकी वणवण केलीत, पुरा पन्हा आणलात, आणि बघायच्या वेळी बाहेर? आत तुमच्या उजव्या बाजूचंही सगळं दिसतंय. जुन्या आठवणी ताज्या करा की.

"मना कसान्या आठवनी?" आप्पा म्हणाले. "मी कधी पिक्चर देखा?"

मला कळेना. मग ते हळूहळू बोलले. घर एकत्र, बारा-चौदा माणसं. वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोनं बोलायची पद्धत नाही. लग्न होऊन वर्ष झालं तरी बायकोचा चेहरा नीट पाहिलेला नाही. घरात सदा पदर डोळ्यांपर्यंत. तंबूत मात्र अंधार. तिथे बायांचे पदर मागे सरकत आणि पडद्याचा उजेड त्यांच्या तोंडावर पडे. दोराच्या अलीकडे बसून आप्पा तीन तास डावीकडे मान वळवून बघत राहत. गावातल्या सगळ्या बाप्यांत मान दुखते म्हणून तक्रार करणारे तेच. येताना म्हातारी माणसं पुढे चालत, ही दोघं मागे, आणि ती विचारी, पिक्चर कसा वाटला? यांना काय सांगता येणार? हे म्हणत, तूच सांग. मग घर येईपर्यंत ती सांगे. जेवढे म्हणून पिक्चर आप्पांना माहीत, ते सगळे तिच्या तोंडचे.

"आणि ती दूधवाली?" मी विचारलं. "न बघता तुम्हाला एवढी खात्री कशी?"

"डाकू उनात तवय बठ्ठ्या बाया भ्याल्या व्हत्या. तोंडवर हात." आप्पांनी आपला हात तोंडावर ठेवून दाखवला. "ही एकली हासनी. मी म्हनं, हाई काबर हासनी? मंग वाटमा तिनी सांगं. मी बाई नही देखी, भो. पन हिनं हासनं देखं."

आत काकूंचा आवाज चढला होता, बहुतेक हिरोइनच्या सासूची चौकशी चालली असावी. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणालो, आप्पा, अजून दीड तासाचा पिक्चर बाकी आहे, निदान शेवट तरी बघायला चला.

आप्पांनी डोळे मिटूनच माझा हात दाबला.

"चूप बस ना, भो. ती सांगी ऱ्हायनी."